टिपणीसांची रंगीत तालीम

दाढ काढायच्या आदल्या दिवशी टिपणीस दवाखान्यात गेले, खुर्चीत बसले, आ केला, मिटला आणि "येतो उद्या" म्हणून उठले. डॉक्टर म्हणाले, "अहो, मग आज काय होतं?"

"आज काही नाही. आधी एकदा बघून घेतलं."

हे मला खुद्द डॉक्टरांनी सांगितलं. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं, पण पुढे म्हणाले, "एक मात्र आहे, दुसऱ्या दिवशी हा माणूस जरासुद्धा हलला नाही."

'आधी एकदा बघून घेऊ' हे टिपणीसांचं पालुपद. पनवेलच्या आमच्या जमीनमोजणीच्या ऑफिसात ते नकाशे काढत आणि मी आवक-जावक सांभाळत असे. टेबलं समोरासमोर. वयानं मी पाचएक वर्षांनी मोठी, म्हणून मी 'ताई'. माझ्या पुतणीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मंडपवाले अजून खांब पुरत होते, तेव्हा हे गृहस्थ हजर. रिकाम्या स्टेजवर चढले, तिथे नसलेल्या नवरानवरीला नमस्कार केला, डावीकडून उतरले आणि मला म्हणाले, "ताई, उजवीकडची पायरी हलते. म्हाताऱ्या माणसांना इकडून उतरवा." लग्नाच्या गडबडीत मी विसरले. नवऱ्या मुलाचे काका उजवीकडून उतरले आणि थेट बँडवाल्याच्या ढोलावर जाऊन बसले.

या स्वभावापायी शत्रूही झाले. कृष्णाळे तळ्याजवळच्या ज्या चाळीत ते राहत, तिथले भिकूनाना एकदा फार आजारी पडले. डॉक्टरांनी आशा सोडली. दुपारी नानांनी अंथरुणातून मान वळवली, तर दाराबाहेर टिपणीस टेप घेऊन जिन्याचं वळण मोजताना दिसले.

"काय रे मोजतोस?"

टिपणीसांना खोटं बोलता येत नसे. "वळण अरुंद आहे, नाना. आडवं नेता येणार नाही. पण तुम्ही घाई करू नका."

नाना त्यानंतर चार वर्षं जगले. नुसत्या रागावर जगले, असं चाळीत म्हणत. टिपणीसांशी मात्र एक शब्द बोलले नाहीत.

आम्ही ऑफिसात त्यांची खूप टिंगल करायचो. मीसुद्धा. जुना शिपाई तेवढा हसत नसे. तो म्हणायचा, "पूर्वी नव्हते साहेब असे. बायको गेली तेव्हापासून."

बायको गेली म्हणजे सोडून गेली. मुलगी पाच वर्षांची होती, केतकी. दोघी नाशिकला, केतकीच्या मामाकडे राहत. पुढे रीतसर घटस्फोट झाला. टिपणीस अधूनमधून रविवारी नाशिकला जात, मामाच्या दिवाणखान्यात तासभर बसत आणि परत येत. त्या तासभरात मामा पेपर वाचत समोर बसलेले असत. "काय बोललात?" असं मी विचारलं की म्हणायचे, "शाळेचं विचारलं. चांगली चाललीय." गेल्या दोन वर्षांत तेही थांबलं होतं. केतकीच्या परीक्षा, केतकीचे क्लास, काही ना काही निघायचं.

आणि एका मार्चमध्ये मामाचं पत्र आलं. ते टिपणीसांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले. केतकीच्या आईचं दुसरं लग्न झालं होतं. नवरा मस्कतला नोकरीला होता. जूनमध्ये त्या दोघी तिकडे जाणार होत्या. 'जाण्यापूर्वी मुलीनं दोन दिवस वडिलांबरोबर घालवावेत असं तिच्या आईचं म्हणणं आहे,' असं पत्रात होतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यातला शनिवार-रविवार.

"दोन दिवस," टिपणीस म्हणाले. "मुंबई दाखवतो तिला. नीट."

दुसऱ्या दिवसापासून ते जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ट्रेसिंग पेपरवर वाकलेले दिसू लागले. आठवड्याभरात नकाशा तयार झाला. पनवेलहून एस.टी.नं गव्हाणवरून उरण, मोऱ्याच्या धक्क्यावरून लाँच, भाऊचा धक्का, तिथून राणीची बाग, म्युझियम, गेटवे. मुक्काम गिरगावात मावसबहिणीकडे. दुसऱ्या दिवशी म्हातारीचा बूट आणि चौपाटी. पिण्याचं पाणी जिथे मिळेल तिथे निळा थेंब. सावलीत बसायची जागा म्हणजे हिरवा त्रिकोण. कडेला वेळापत्रक होतं. त्यात सव्वाअकरासमोर बारीक अक्षरात लिहिलेलं, 'रुसवा : वीस मिनिटं'.

"हे काय?"

"मुलं रुसतात ना, ताई. वेळ धरून ठेवलेला बरा."

"एस.टी.नं सरळ मुंबईला जाता येतं की. लाँच कशाला?"

"समुद्रातून शहर हळूहळू मोठं होत जाताना दिसतं. तिनं ते बघावं." मग जरा घुटमळले. "ताई, एक विचारू? आधी एकदा बघून घ्यायला हवं. मी एकटा जाऊन आलो असतो. पण मुलगी आहे. बायकांच्या बाजूला स्वच्छता आहे का, आतली कडी लागते का, हे मला कसं कळणार? तुम्ही याल का? केतकी म्हणून."

घरी मी हे भीतभीतच सांगितलं. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जा की. हट्ट कसा करायचा हे तुला कुणी शिकवायला नको."

एप्रिलमधल्या एका रविवारी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यानिशी मी केतकी झाले. मोऱ्याला ओहोटी लागली होती. लाँच जरा खाली होती आणि फळीवरून आत उतरायचं होतं. टिपणीसांनी माझं मनगट घट्ट धरलं. ते त्यांनी लाँच सुटली तरी सोडलं नाही. समोर मासळीची टोपली घेऊन बसलेली उरणची कोळीण बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "काय गो बाय, दर्याला भितंस का नवऱ्याला? धरून ठेवलंय तं पोरीसारकं."

"अहो, हे माझे नवरे नव्हेत."

"मंग त सोडाच!" ती टिपणीसांना म्हणाली. सगळी लाँच हसली. टिपणीसांनी हात सोडला, लाल झाले, आणि वही काढून लिहिलं, 'लाँचमध्ये हात धरू नये. लोक हसतात.'

राणीच्या बागेत मी फार भरभर चालते अशी तक्रार झाली. "ताई, लहान पावलं टाका. आणि मधेच थांबा. विनाकारण थांबा." हत्तीसमोर मी विनाकारण थांबले. त्यांनी घड्याळात पाहिलं. म्युझियममध्ये मी बायकांच्या बाजूला जाऊन आले आणि अहवाल दिला, स्वच्छ आहे, कडी घट्ट बसते. 'कडी घट्ट' असं वहीत गेलं. मग दाराशी बसलेल्या सफाईवाल्या बाईंपुढे टिपणीस हात जोडून उभे राहिले. "मावशी, पुढच्या महिन्यात माझी मुलगी येईल. मला आत येता येणार नाही. तुम्ही जरा लक्ष ठेवाल?" बाईंनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

गेटवेला फुगेवाला दिसताच टिपणीस म्हणाले, "ताई, तुम्ही फारच समजूतदारपणे फिरताय. इथे थोडा हट्ट करा."

ऊन कलायला लागलं होतं, पाण्यावरून वारा येत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला इतक्यात घरी जायचं नाही." आणि ते बोलताना मला खरंच घरी जायचं नव्हतं. टिपणीसांनी ते लिहून घेतलं नाही. नुसते शेजारी उभे राहिले.

परतीच्या लाँचमध्ये ते आपणहून बोलले. "ज्या दिवशी त्या दोघी गेल्या ना, त्या दिवशी सकाळी ती शाळेचे बूट घालून दारात उभी होती. म्हणाली, बाबा, नाडीची गाठ बसत नाही. मी म्हटलं, आईला सांग, मला उशीर होतोय. संध्याकाळी आलो तर दाराला कुलूप. आधी कुणी सांगितलं असतं तर..." मोरा येईपर्यंत पाण्याकडे बघत राहिले.

मे उजाडला. शुक्रवारी संध्याकाळी पनवेलच्या स्टँडवर मला सोबत घेऊन ते तासभर आधी येऊन उभे. शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकची पिशवी, मुलीला बस लागली तर. नाशिकची गाडी आली. मामा उतरले, आणि त्यांच्यामागून टिपणीसांच्या खांद्याला लागेल इतकी उंच, सडपातळ, चष्मा लावलेली मुलगी उतरली. टिपणीस तिच्या मागे बघत राहिले, अजून कुणी उतरतंय का म्हणून. मला तेव्हा कळलं, की नाशिकला तिला मोठी होताना पाहूनही नकाशातली सगळी पावलं पाच वर्षांच्या मुलीची होती.

"प्रवास बरा झाला?"

"हो."

"उलटी वगैरे?"

"नाही." मग तिनं घसा खाकरला. "तुम्ही बरे आहात ना?"

'बाबा' नाही, काही नाही. नुसतं 'तुम्ही'. मस्कतच्या गृहस्थांना ती बाबा म्हणते हे मामा मला हळूच सांगून गेले. "तिचीही अडचण होते हो," म्हणाले.

शनिवारी पहाटेच्या गाडीनं बापलेक निघाले. त्या शनिवारी आमचं ऑफिस चालू होतं. बाराच्या सुमारास शिपाई सांगत आला, साहेबांच्या केबिनमध्ये माझा फोन आहे.

"ताई, मी टिपणीस. मुंबईहून, बूथवरून. केतकी बोलत नाही."

"रुसली असेल."

"रुसव्याची वीस मिनिटं केव्हाच संपली. म्युझियममध्ये बाकावर बसली ती उठेचना. पाणी नको, आइस्क्रीम नको. म्हणते, तुम्ही जा, मी इथेच बसते. पोटात दुखतंय का म्हटलं तर रडायला लागली. त्या मावशी आज रजेवर आहेत. कशीबशी इथवर आणलीय. पिशवी पाठीमागे धरून चालतेय, कुणी बघेल म्हणून."

माझ्या लक्षात आलं. "केतकी केवढी आहे हो आता?"

"पुढच्या महिन्यात बारा पूर्ण."

"तिच्याकडे द्या फोन."

समोर साहेब फाइल वाचत असल्याचं दाखवत होते. मी म्हटलं, "साहेब, दोन मिनिटं जरा बाहेर जाता?" आयुष्यात पहिल्यांदाच मी साहेबांना त्यांच्याच केबिनमधून बाहेर काढलं. तेही मुकाट्यानं गेले.

"बाळ, मी सुमनमावशी. काल स्टँडवर आले होते ती. मी विचारते, तू नुसतं हो किंवा नाही म्हण. कपड्याला डाग लागलाय का?"

मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "हो."

"पहिल्यांदाच?"

"हो."

"आईनं काही सांगून ठेवलं होतं?"

"थोडंसं."

"हे आजारपण नाही, घाबरायचं नाही. सगळ्या मुलींना होतं. मलाही झालं होतं, आणि मीही अशीच रडले होते. आता तुझ्याबरोबरच्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं. तू सांगतेस की मी?"

"तुम्ही."

टिपणीसांना मी सांगितलं. त्यांचा आवाज आला, नकाशाचं प्रमाण विचारावं तसा. "काय काय करायचं ते क्रमानं सांगा."

मी क्रमानं सांगितलं. औषधाच्या दुकानात जाऊन काय मागायचं, मग पुन्हा म्युझियममध्ये न्यायचं, तुमच्या पिशवीतला जादा शर्ट तिला कमरेभोवती बांधायला द्यायचा, ती आत असताना दारापासून हलायचं नाही.

"तिला चालवू ना? की उचलून घेऊ?"

"उचलू नका हो! बारा वर्षांची मुलगी आहे."

"एवढं सगळं बघितलं होतं, ताई," ते म्हणाले. "हे काही सुचलंच नाही."

"कसं सुचणार? जा आता." मी फोन ठेवला.

संध्याकाळी ते गिरगावात न थांबता सरळ माझ्या घरी आले. आमचे हे चप्पल घालून, काही न विचारता, फिरायला निघून गेले. मी केतकीला गरम पाणी दिलं, माझ्या पुतणीचा राहिलेला एक परकर-पोलका दिला. टिपणीस बाहेर गॅलरीत चहाचा कप घेऊन बसले. स्वयंपाकघरात केतकी माझ्याजवळ पाटावर बसली.

"त्यांनी दुकानात इतक्या मोठ्यानं मागितलं, मावशी! सगळे बघायला लागले. दुकानदार म्हणाला, हळू बोला. तर ते म्हणाले, का? माझ्या मुलीसाठी हवंय."

"मग?"

"मला मेल्याहून मेल्यासारखं झालं." ती किंचित हसली आणि लगेच तिचा चेहरा बदलला. "मावशी, मला आई पाहिजे."

मी तिला जवळ घेतलं. गॅलरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा होता, भिंत नव्हती. कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग जिन्यावरून कुणी उतरल्याचा.

पाऊण तासानं टिपणीस परत आले. "नाशिकला फोन करून आलो. तिच्या आईशी बोललो. मामा पनवेलमध्येच थांबलेत मित्राकडे, त्यांनाही निरोप दिला. ते सकाळी पहिल्या गाडीनं घेऊन जातील." आणि पडद्याकडे तोंड करून, जरा मोठ्यानं म्हणाले, "उद्या दुपारी आईजवळ असशील हं."

रविवार असा त्यांनी स्वतःच्या हातानं देऊन टाकला. मी म्हटलं, "अहो, उद्यापर्यंत तिला बरं वाटेल. चौपाटी तरी..."

"नाही, ताई. तिनं मागितलं ना."

केतकी माझ्याकडेच झोपली. सकाळी सहाला टिपणीस दारात, हातात पितळी डबा. "माझ्या बहिणींच्या वेळी आईनं गोड केलं होतं. करतात ना असं?" डब्यात शिरा होता. रवा नीट भाजलेला नव्हता, गुठळ्या झाल्या होत्या, वेलची मात्र मूठभर. केतकीनं दोन चमचे खाल्ले. तिसरा घेतला. म्हणाली, "छान झालाय." टिपणीसांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतेय का ते माझ्या चेहऱ्यावरून कळतंय का, हे बघत होते. मी म्हटलं, "मलाही द्या."

स्टँडवर गाडी लागलेली होती. केतकी त्यांच्या पाया पडायला वाकली. टिपणीसांचा हात आशीर्वादासाठी वर गेला, पण डोक्यावर ठेवावा की नाही हे ठरेपर्यंत ती सरळ उभी राहिली होती. हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो बसच्या पत्र्यावर ठेवला. गाडी हलली, तेव्हा खिडकीतून तिनं हात केला. तो मला होता की त्यांना, हे त्या गर्दीत सांगता येत नव्हतं.

जूनमध्ये त्या मस्कतला गेल्या. टिपणीसांना तिकडून केतकीची दोन पत्रं आली. शाळा मोठी आहे, वाळू फार आहे, अशी. नंतर काही आलं नाही. ते रोज टपालाच्या वेळेला माझ्या टेबलाजवळ येत, पण पत्र आहे का असं कधी विचारत नसत. आवक माझ्याकडेच होती. मी मान हलवली की परत जाऊन बसत.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी ऑफिसात वीज गेली होती आणि नकाशाचं काम थांबलं होतं. बाकीचे चहाला गेले होते. टिपणीस पेन पुसत होते. एकदम म्हणाले, "ताई, त्या दिवशी तुम्ही फोन ठेवलात ना. मी नव्हता ठेवला."

"म्हणजे?"

"बूथ लहान होता. बाहेर माणसं उभी होती, म्हणून ती आत, माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तुमचं बोलणं संपलं, खट् आवाज आला. मी फोन ठेवायला गेलो, तर तिनं मागून माझ्या शर्टाचं टोक धरलं होतं. मुठीत. तिचं तिलाही कळलं नसेल." ते पेन पुसतच राहिले. "बिलाच्या मशीनमधून पावतीसुद्धा बाहेर आली. बूथवाला बाहेरून बघत होता. आणि मी आपला फोन कानाला लावून, 'हो... बरं... हो हो,' असं म्हणत उभा. चुकलंच माझं. पोरीला तिकडे त्रास होत होता."

"किती वेळ उभे होतात?"

त्यांनी नीट विचार करून उत्तर दिलं.

"त्यानं काचेवर टकटक करेपर्यंत."